होळकरांचं राजचिन्ह आणि एक शब्द : ‘प्रारब्ध’

मध्यप्रदेशचं राजचिन्ह आपण कोलार रोडवर राहणारे सगळेच सरकारी कागदांवर पाहतो : २४ स्तूपांचं वर्तुळ, आत वड, अशोकस्तंभ आणि गहू-भाताच्या लोंब्या. याच प्रदेशातलं एक जुनं राजचिन्ह मात्र मराठी घराण्याचं आहे, इंदूरच्या होळकरांचं. लालबाग राजवाड्याच्या फाटकावर ते दिसतं. ते कसं वाचायचं, ते आज पाहू.

आधी मांडणी. मध्ये मुख्य चिन्ह, दोन्ही बाजूंना प्राणी, खाली बोधवाक्य. ही रीत युरोपातली. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी संस्थानिकांना झेंडे दिले. त्यांवरची मानचिन्हं रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने आखली होती. म्हणून कुणी म्हणेल, हे सगळं साहेबाने दिलेलं. मला ते पटत नाही.

कारण आतला आशय बघा. मध्ये सूर्य आहे. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे मार्तंड. आणि मार्तंड म्हणजे सूर्य. १८७७ च्या कितीतरी आधी मल्हारनगर, म्हणजे इंदूरच्या टांकसाळीतल्या रुपयांवर हेच सूर्यमुख होतं. महेश्वरच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपान असे. चिन्हातला घोडा खंडोबाचं वाहन, शिवाय मराठी घोडदळाची ओळख. दुसऱ्या बाजूचा नंदी शंकराचा. अहिल्याबाई तर हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ लिहीत. गव्हाची लोंबी आणि अफूचं बोंड हे माळव्याच्या शेतीचं पीक. थोडक्यात, चौकट परकी, पण आतलं घर आपलं.

आता बोधवाक्य : ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’. संधी सोडवू. प्राह + उमेशः, म्हणजे ‘उमेश म्हणाला’. उमेश म्हणजे उमेचा पती, शंकर. पुढे : ‘श्री मिळते, करणाऱ्याच्या प्रारब्धातून’.

इथेच मराठी माणूस अडखळतो. आपल्याकडे ‘प्रारब्ध’ म्हणजे नशीब. ‘काय करणार, प्रारब्धच तसं!’ असं आपण सहज म्हणून जातो. त्या अर्थाने वाचलं तर वाक्य सांगतं : नशिबात असेल तर मिळेल. मग ‘कर्तुः’ हा शब्द तिथे कशाला?

मूळ धातू पाहिला की गाठ सुटते. प्र + आ + रभ्. ‘आरंभ’ याच धातूचा. तेव्हा ‘प्रारब्ध’ म्हणजे मुळात ‘सुरू केलेलं’. वाक्याचा रूढ अर्थही तोच आहे : जो प्रयत्न करतो, त्याला यश मिळतं. मेंढपाळ कुटुंबात जन्मून माळव्याचे सुभेदार झालेल्या मल्हाररावांच्या घराण्याला हाच अर्थ शोभतो.

महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवायची गोष्ट निघाली की आपल्यातही ‘प्रारब्ध’ हा शब्द ऐकू येतो, आणि तो नशिबाच्या अर्थाने. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या जुन्या शाळेचं बोधवाक्य लिहून आणावं. संधी सोडवून, धातू शोधून ते वाचू. सुरू केलं, की तेच आपलं प्रारब्ध.