तिळगूळ : एक समवाय पाठ (इयत्ता चौथी)

उद्देश : घरच्या पाककृतीतून वजन, भागाकार व सहभोजनाचा संस्कार.

साहित्य : तीळ 500 ग्रॅम, चिक्कीचा गूळ 500 ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट 125 ग्रॅम, थोडे तूप, वेलदोड्याची पूड.

कृती : तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत. तुपावर गूळ वितळवून पाक करावा. थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळली, म्हणजे पाक झाला. त्यात तीळ, कूट व पूड मिसळून लाडू गरम असतानाच वळावेत. चुलीजवळचे काम मोठ्यांनी करावे. निवडणे, तोलणे, मोजणे मुलांनी.

विज्ञान : तिळात सुमारे निम्मा भाग तेल असते. थंडीत असा स्निग्ध आहार का रुचतो, यावर चर्चा घ्यावी.

गणित : लाडू 25 ग्रॅमचा धरल्यास 45 होतात. पटावर 38 मुले असल्यास 7 उरतात. ते कोणास द्यावेत, हे मुलांनीच ठरवावे.

विशेष सूचना : कोणी किती जिन्नस आणले, याची वर्गात वाच्यता करू नये. ज्याच्या घरी तीळ नाहीत, त्या मुलाच्या हाती तराजू द्यावा. सर्वांचे तीळ एका परातीत पडले की कोणाचे किती, हा प्रश्नच उरत नाही. मुलांनी परस्परांस तिळगूळ देताना शिक्षकांनी हेच पाहावे. पाठाची खरी परीक्षा तीच होय.