घरांतील पहिला स्टिरिओ : स्पीकर व ॲम्प्लिफायर यांची निवड

गाणें ऐकण्याची हौस नाहीं असें घर विरळाच. परंतु त्या हौसेपायीं घरांत पहिला स्टिरिओ आणावयाचें ठरलें म्हणजे बापलेकांत बहुधा वाद सुरू होतो. मुलास दुकानांत सर्वांत मोठ्यानें वाजणारें यंत्र आवडलेलें असतें, आणि वडिलांस त्याच्या किंमतीची चिंता असते. दोघांनींही या यंत्राचें शास्त्र थोडें समजून घ्यावें व मगच पैसे मोजावे, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. पदार्थविज्ञानाच्या तासाला जें शिकविलें जातें त्याचा इतका रोकडा उपयोग अन्यत्र क्वचितच होतो.

प्रथम ‘स्टिरिओ’ म्हणजे काय तें पाहूं. मनुष्यास दोन कान आहेत. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानास किंचित् आधीं व किंचित् मोठा पोहोंचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ताडतो. हें ध्यानांत घेऊन ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरनें १९३१ सालीं दोन मार्गांनीं ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीचें पेटंट मागितलें. पुढें १९४२ सालीं रडारची चांचणी चालू असतां विमान कोसळून, अवघें ३८ वर्षांचें वय असतांना, त्याचा अंत झाला. स्टिरिओच्या तबकड्या बाजारांत सर्रास येऊं लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. तें पाहण्यास तो हयात नव्हता.

यावरून एक गोष्ट उघड होते. दोन आवाज दोन दिशांनीं यावयाचे तर दोन स्पीकर एकमेकांपासून दूर हवेत. एकाच पेटींत दोन तोंडें बसवून तीवर ‘स्टिरिओ’ असें छापल्यानें हा परिणाम फारसा साधत नाहीं. मात्र बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकतांना आवाज दोहोंच्या बरोबर मध्यभागीं ऐकूं येईल. त्या एकाच मार्गानें मुद्रित झालेल्या असल्यामुळें तसेंच व्हावयाचें, यंत्रांत बिघाड नाहीं.

स्पीकरची रचना सोपी आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें असतें. त्यांतून वीज खेळली कीं तें पुढेंमागें हलतें व त्यास जोडलेला कागदी शंकु हवा ढकलतो. आज घरोघरीं दिसणाऱ्या स्पीकरचा हा नमुना राइस व केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनीं १९२५ सालीं पुढें मांडला. ॲम्प्लिफायरचें काम एवढेंच कीं, मोबाइल किंवा तबकडी यांतून येणारी क्षीण वीज त्या वेटोळ्यास हलविण्याइतकी सबळ करावयाची.

आतां जेथें सर्वांत अधिक फसवणूक होते तिकडे वळूं. कांहीं स्वस्त यंत्रांच्या डब्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ म्हणून हजारों वॅटचा आंकडा छापलेला आढळतो. अशा वेळीं विद्यार्थ्यांनीं यंत्राच्या पाठीवरील लहान पाटी वाचावी. यंत्र वीज किती घेतें तें तेथें लिहिलेलें असतें. जें यंत्र ६० वॅट वीज घेतें तें हजार वॅट सतत देणार कोठून? शक्ति शून्यांतून निर्माण होत नाहीं, हा नियम दुकानदारासही लागू आहे. विचारावयाचा आंकडा ‘आर. एम. एस.’ वॅटचा, म्हणजे यंत्र सतत देऊं शकेल त्या शक्तीचा. आणि तोही किती ओहमच्या स्पीकरवर मोजला तें सांगून दिलेला.

घरास किती वॅट लागतात तें गणितानेंच काढूं. स्पीकरच्या माहितीपत्रकांत ‘सेन्सिटिव्हिटी’ या नांवाखालीं एक आंकडा असतो. समजा, तो ८६ डेसिबल आहे. याचा अर्थ असा कीं, एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर ८६ डेसिबलचा आवाज मिळतो. ऐकणारा तीन मीटरवर बसला तर मोकळ्या जागेंत सुमारें ९.५ डेसिबल कमी होतात. स्पीकर दोन असल्यामुळें सुमारें ३ परत मिळतात. म्हणजे बसण्याच्या जागीं साधारण ८० डेसिबल झाले. भिंतींमुळें प्रत्यक्षांत किंचित् अधिकच. घरांत गाणें ऐकावयास सरासरी ७० डेसिबल पुष्कळ झाले. डेसिबलच्या हिशेबांत दर १० ची उतरण म्हणजे शक्ति एकदशांश. तेव्हां सरासरीस प्रत्येक स्पीकरला एकदशांश वॅट पुरतो! परंतु तबल्याची थाप किंवा गायकाची चढलेली तान सरासरीहून २० डेसिबल वर उसळूं शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ति. एकदशांशाच्या शंभरपट दहा वॅट. दर स्पीकरला वीस-तीस वॅट देणारा प्रामाणिक ॲम्प्लिफायर घेतला कीं गरज भागून वर शिल्लक उरते. १९७८ सालीं निघालेला एन. ए. डी. कंपनीचा ‘३०२०’ हा ॲम्प्लिफायर कागदोपत्रीं केवळ २० वॅटचा होता, तरी पहिल्या खरेदीसाठीं कित्येक वर्षें त्याची शिफारस होत असे.

वीसऐवजीं चाळीस वॅट घेतले तर आवाज दुप्पट होईल असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो ३ डेसिबलच वाढतो आणि हा फरक फार मोठा भासत नाहीं. उलट ८३ ऐवजीं ८९ डेसिबलचा स्पीकर निवडला तर तेवढ्याच आवाजास चतुर्थांश शक्ति पुरते. मात्र कोणताही ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर पिळूं नये. तसें केलें असतां तरंगांचे माथे कापले जातात व बारीक सुरांचा नाजूक ट्वीटर जळण्याचें भय असतें. आवाज चिरकूं लागला कीं हात बटणाकडे गेला पाहिजे.

ओहमविषयीं थोडक्यांत सांगतों. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरपेक्षां दुप्पट प्रवाह ओढतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ८ ओहम लिहिलें असेल तर त्यास ४ चा जोडूं नये. (स्पीकरचा हा आंकडा प्रत्येक सुरास वेगळा असतो, तो कां, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या शिक्षकांस अवश्य विचारावें.)

यंत्रापेक्षां ज्या गोष्टीकडे अधिक दुर्लक्ष होतें ती म्हणजे खोली. आपल्याकडील बारा फूट लांबीची खोली घ्या. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, याच्या दुप्पट लांबीचा तरंग, म्हणजे सुमारें ४७ हर्ट्झचा खर्ज, दोन भिंतींमध्यें सांपडून घुमूं लागतो. अशा खोलींत कमरेइतके उंच स्पीकर आणून कोपऱ्यांत उभे केले तर प्रत्येक गाण्याखालीं ढोल वाजत असल्यासारखें वाटतें. लहान खोलीस लहान पेटी हाच आमचा सल्ला आहे. बी. बी. सी.च्या इंजिनिअरांनीं १९७० नंतरच्या दशकांत बाहेरगांवच्या कार्यक्रमांच्या मोटारगाडींत मावावा म्हणून ‘एल. एस. ३/५ ए’ नांवाचा जेमतेम एक फूट उंचीचा स्पीकर तयार केला. त्याचा खर्ज मर्यादित होता, परंतु मनुष्याचा आवाज तो इतका खरा देई कीं, पुढें लोकांनीं तो घरोघरीं नेला.

खोलीची परीक्षा करण्यास पैसे लागत नाहींत. मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझण ऐकूं आली तर उघडी फरशी व नागड्या भिंती आवाज परत फेंकीत आहेत असें समजावें. एक जाड सतरंजी, खिडकीस पडदा आणि पुस्तकांनीं भरलेलें कपाट एवढ्यानें जो गुण येतो तो महागड्या यंत्रानेंही येत नाहीं.

दुकानांत ऐकावयास जातांना आपल्या नित्य परिचयाचें गाणें बरोबर न्यावें. दुकानदार वाजवितो तें यंत्रास शोभेल असेंच निवडलेलें असतें. दोन स्पीकरांची तुलना करतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावयास सांगावें, कारण जो किंचित् मोठ्यानें वाजतो तोच कानास गोड लागतो. गायकाचा आवाज नाकांतून आल्यासारखा वाटतो काय? तंबोऱ्याची जवारी स्पष्ट उमटते कीं नुसती गुणगुण ऐकूं येते? ज्या घरांत मूल तबला शिकत आहे त्या पालकांनीं तर डग्ग्याकडे विशेष लक्ष द्यावें. चांगल्या स्पीकरवर डग्ग्याची मींड चढतांना व उतरतांना निरनिराळी कळते. घुमणाऱ्या स्पीकरवर सर्व आघात सारखेच ‘धप्प’ वाजतात. जें मूल तेंच रोज ऐकतें, तें तसेंच वाजवावयास शिकतें. आणि वळण एकदां बसलें कीं मोडावयास गुरुजींस फार श्रम पडतात. केवळ करमणुकीपलीकडे या खरेदीस महत्त्व आहे तें यामुळें.

पैशांच्या वांटणीविषयीं आमचें मत असें कीं, निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरांवर खर्च करावी. चांगल्या ॲम्प्लिफायरांत परस्परांत फरक थोडा. स्पीकरांत तो जमीनअस्मानाचा असतो. ज्यांस तारांची दगदग नको त्यांनीं पोटांतच ॲम्प्लिफायर असलेली स्पीकरांची जोडी घेतली तरी चालेल. जुना माल घेण्यांतही कमीपणा नाहीं. मात्र शंकूच्या कडेची पट्टी बोटानें हलकेंच दाबून पाहावी. ती स्पंजाची असल्यास कांहीं वर्षांनीं आपोआप भुगा होते, आणि कोंकण-गोव्याच्या दमट हवेंत तर तिचा भरंवसाच धरूं नये. रबराची पट्टी पुष्कळ अधिक टिकते.

आवाजाच्या मर्यादेचाही विचार हवा. कानाशीं लावून ऐकण्याच्या साधनांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मुलांकरितां आठवड्यास ७५ डेसिबलवर ४० तास ही सीमा सांगितली. घरच्या स्टिरिओसही तीच लावून घेणें शहाणपणाचें. शिवाय आपल्या देशाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचें मूलही परीक्षेचा अभ्यास करीत असतें.

यंत्र घरीं आल्यावर दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण होईल असें मांडावें, ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवावे, आणि पेट्या मागील भिंतीपासून निदान हातभर पुढें ओढाव्या. तारा जोडतांना ॲम्प्लिफायरचें तांबडें टोंक स्पीकरच्या तांबड्या टोंकास व काळें काळ्यास जावें. एका बाजूस उलटापालट झाली तर एक शंकु पुढें येतो तेव्हां दुसरा मागें जातो व खर्ज नाहींसा होतो. नवें यंत्र पहिल्याच दिवशीं पोंचट वाजूं लागलें तर दुकानाकडे धांव घेण्यापूर्वीं एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी.