'प्लीड' : विनवणी आणि बाजू मांडणे

इंग्रजीतील 'प्लीड' या क्रियापदाचा 'गयावया करणे' एवढाच अर्थ पुष्कळ विद्यार्थी लक्षात ठेवतात. तो अर्थ खरा आहे, परंतु अपुरा आहे. 'हक्काने बाजू मांडणे' हाही याच शब्दाचा अर्थ आहे. कोणता अर्थ घ्यावा, हे पुढील शब्दावरून ठरते.

'प्लीड'नंतर 'विथ' आल्यास पुढे व्यक्ती येते. 'ही प्लीडेड विथ हिज फादर' म्हणजे त्याने वडिलांची विनवणी केली. 'फॉर' आल्यास पुढे हवी असलेली गोष्ट येते. 'शी प्लीडेड फॉर मोअर टाइम' म्हणजे तिने मुदतवाढीसाठी कळकळीची विनंती केली. मात्र 'केस' हे थेट कर्म आले, की 'टू प्लीड अ केस' म्हणजे कारणे देऊन बाजू मांडणे. 'टू प्लीड इग्नोरन्स' म्हणजे माहीत नसल्याची सबब सांगणे. भूतकाळी 'प्लीडेड' हे रूप सर्वत्र चालते. अमेरिकेत 'प्लेड' हेही आढळते.

न्यायालयात या शब्दातील विनवणीचा सूर लोपतो. 'प्लीड गिल्टी' म्हणजे गुन्हा कबूल करणे. 'प्लीड नॉट गिल्टी' म्हणणारा आरोपी दयेची याचना करीत नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी तो फिर्यादी पक्षावर ठेवतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत 'प्लीडिंग' म्हणजे वादपत्र किंवा लेखी कैफियत. बाजू मांडणारा तो 'प्लीडर'.

१९१९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची व प्रतिनिधित्वाची बाजू मांडली, ती या दुसऱ्या अर्थाने. तेव्हा ते बॅरिस्टर झालेले नव्हते. ग्रेज इनमधून ते १९२२ साली बॅरिस्टर झाले. समाजाची बाजू मांडण्यास सनदेआधी अभ्यास लागतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

आपल्या मुलामुलींना हा भेद रोजच्या व्यवहारातही उपयोगी पडेल. शिष्यवृत्ती अडकली, तर अर्जात 'आय प्लीड विथ यू' असे लिहू नये. 'आय रिक्वेस्ट' पुरेसे आहे. त्यापुढे अर्जाची तारीख, लागू असलेला नियम आणि जोडलेली कागदपत्रे क्रमाने नमूद करावीत. भाषा नम्र असावी, मागणी स्पष्ट असावी. जे नियमाने आपले आहे, ते मागताना दयेचा आधार घ्यावा लागत नाही.