आपलीं श्वसनेंद्रियें व त्यांचें कार्य

उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं गेलेल्या मुलांना विहिरीवर किंवा नदीवर पोहावयास जाण्याइतका दुसरा आनंद नसतो. पण कधीं कधीं याच ठिकाणीं एखादा मुलगा बुडतो. त्याला बाहेर काढतात आणि जमलेली मंडळी त्याला उलटा धरून किंवा पालथा घालून त्याचें पोट दाबूं लागतात. अशा वेळीं खरोखर काय करावें, हें श्वसनक्रिया नीट समजल्यावांचून कळणार नाहीं. म्हणून प्रथम आपल्या श्वसनेंद्रियांची रचना पाहूं.

हवेचा प्रवास नाकापासून सुरू होतो. नाकांतील केस धूळ अडवितात, आंतील ओलसर अस्तर बारीक कण धरून ठेवतें आणि अस्तराखालील रक्तवाहिन्यांमुळें हवा उबदार होते. तोंडानें श्वास घेणारास हे लाभ पुरते मिळत नाहींत. पुढें घशांत अन्नाचा व हवेचा मार्ग कांहीं अंतर एकच असतो. त्यानंतर श्वासनलिका पुढें व अन्ननलिका मागें अशा दोन वाटा होतात. घांस गिळतांना श्वासनलिकेच्या मुखावर पानाच्या आकाराची एक झडप पडते. तोंडांत घांस असतां बोलूं नये असें वडील मंडळी सांगतात, तें उगीच नव्हे. झडप पडण्यास क्षणाचा उशीर झाला कीं ठसका लागतो.

श्वासनलिकेच्या आरंभीं स्वरयंत्र असतें. ही नलिका सुमारें ११ सेंटिमीटर लांब असून ती मिटून जाऊं नये म्हणून तिच्या भिंतींत कूर्चेचीं १६ ते २० अर्धवट कडीं बसविलेलीं असतात. छातींत तिच्या दोन शाखा होतात. उजवी शाखा अधिक रुंद व सरळ असल्यामुळें चुकून आंत गेलेला चिंचोका किंवा शेंगदाणा बहुधा त्याच बाजूस सांपडतो. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात. डावीकडे हृदयास जागा द्यावी लागते, म्हणून त्या फुप्फुसाचे दोनच.

वृक्षाच्या फांद्यांप्रमाणें या शाखा विभागत विभागत सुमारें तेवीस वेळां दुभंगतात व शेवटीं वायुकोश लागतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी असते. ते सर्व उलगडून पसरले, तर सात मीटर रुंद व दहा मीटर लांब अशा वर्गाची जमीन झांकून जाईल! प्रत्येक वायुकोशाभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असतें. इ. स. १६६१ सालीं इटलींतील माल्पीघी या शास्त्रज्ञानें बेडकाच्या फुप्फुसांत तें सूक्ष्मदर्शकानें पाहिलें. येथें हवा व रक्त यांमधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. त्यांतून प्राणवायु रक्तांत शिरतो आणि कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडतो.

आतां हवा आंत कशी येते? लोहाराचा भाता आपण पाहिला असेल. भात्याचें चामडें आपण होऊन हवा ओढीत नाहीं. लोहार भाता उघडतो, आंतील जागा वाढते आणि हवा आपोआप शिरते. फुप्फुसांचेंहि तसेंच आहे. त्यांना फुगविणारा स्नायु त्यांच्या ठायीं नाहीं. छाती व पोट यांमध्यें श्वासपटल नांवाचा घुमटाकार स्नायु आहे. तो आकुंचन पावून खालीं सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते व हवा आंत येते. स्नायु सैल पडले कीं ती बाहेर जाते. हेंच श्वासपटल एकाएकीं आखडलें म्हणजे उचकी लागते. मग आपण म्हणतों, कोणीतरी आठवण काढली!

मिनिटास पंधरा श्वास धरले तर दिवसरात्रींत २१,६०० श्वास होतात. स्वस्थ बसलों असतां प्रत्येक श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा घेतों. तींत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो. उच्छ्वासाच्या हवेंत तो शेंकडा १६ उरतो. हा आंकडा लक्षांत ठेवावा.

श्वासाची सूत्रें मेंदूच्या तळाशीं आहेत. श्वास कोंडला असतां जीव कासावीस होतो, तो मुख्यतः रक्तांतील कर्बाम्ल वायु वाढल्यामुळें. म्हणून बुडी मारण्यापूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेण्याची जी खोड कांहीं मुलांस असते, ती घातक होय. त्यामुळें कर्बाम्ल वायु निघून जातो, श्वास घेण्याची इच्छा वेळेवर होत नाहीं, आणि प्राणवायु संपून पाण्याखालींच शुद्ध हरपते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते. तेव्हां पोटांतील पाणी काढण्यांत वेळ न दवडतां वायुकोशांत प्राणवायु पोंचविणें हेंच पहिलें कर्तव्य होय. फुप्फुसें बाहेरच्या बळावर फुगतात, म्हणून तें बळ दुसरा मनुष्यहि देऊं शकतो. आणि आपल्या उच्छ्वासांतील १६ भाग प्राणवायु त्याला पुरेसा होतो. १९०३ सालीं शेफर यांनीं रोग्यास पालथें निजवून पाठ दाबण्याची रीत सुचविली होती. पुढें १९५० नंतरच्या दशकांत एलम व सफार यांच्या प्रयोगांनीं तोंडानें श्वास भरणेंच सरस ठरविलें.

पोहतां न येणारानें पाण्यांत उडी घेऊं नये. दोर किंवा बांबू पुढें करावा. बाहेर काढलेल्यास सपाट जमिनीवर उताणें निजवावें आणि कोणास तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावें. श्वास चालत नसेल तर कपाळ मागें व हनुवटी वर करावी, नाकपुड्या चिमटींत धराव्या आणि तोंडास तोंड घट्ट लावून छाती वर येईपर्यंत हवा भरावी. असे दोन ते पांच श्वास द्यावे. तरीहि हालचाल न दिसल्यास छातीच्या मध्यभागीं ३० दाब व मग २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सोडूं नये.

ही कृति केवळ वाचून अंगवळणीं पडत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, पुढील सुटीपूर्वीं जाणत्या शिक्षकाकडून ती शिकून घ्या. परीक्षेंत श्वसनेंद्रियांच्या आकृतीस कांहीं गुण मिळतील. पण विहिरीच्या कांठीं हेंच ज्ञान एखाद्याचे प्राण वांचवील.