अनुक्त आणि अज्ञात : संगणकीय ग्रंथसूचीतील एक भेद
हस्तलिखितांच्या संगणकीय सूचीतील शोधाची ‘स्टोअर्ड प्रोसिजर’, म्हणजे साठवून ठेवलेली कार्यपद्धती, भाषा, कर्ता, काल असे ऐच्छिक निकष स्वीकारते. अभ्यासकाने केवळ भाषा सांगितली, तर कर्त्याच्या जागी ‘नल’ हे रिक्तचिन्ह येते. मात्र अज्ञातकर्तृक पोथीच्या नोंदीतही तेच चिन्ह असते. अनुक्त निकषाऐवजी नोंदीतलेच मूल्य घेऊन तुलना करणारी ‘कोअलेस’ची रीत सुटसुटीत दिसते, परंतु एसक्यूएल भाषेत ‘नल’ची ‘नल’शी तुलना केल्यास उत्तर ‘अनिश्चित’ येते आणि निनावी पोथ्या यादीतून निमूटपणे गळतात. म्हणून ‘निकष रिक्त असेल किंवा कर्ता जुळत असेल’ अशी अट लिहावी. तरच न विचारलेले आणि न कळलेले यांची गल्लत टळेल व निनावी वाङ्मय अभ्यासकाच्या दृष्टीआड होणार नाही.