तिसरा व्हेरिएबल वापरायचा नाही!

पहिल्या वर्षी 'सी' शिकताना मी स्वतःलाच एक अट घातली. मेसची बिलं चढत्या क्रमाने लावायची, पण दोन आकड्यांची अदलाबदल करताना तिसरा व्हेरिएबल घ्यायचा नाही. सरांनी सांगितलं नव्हतं, मार्कही नव्हते. नुसती खाज!

मार्ग एक्सॉरचा. समजा अ = ५ आणि ब = ९. अ मध्ये दोघांचा एक्सॉर ठेवा, अ होतो १२. आता ब मध्ये दोघांचा एक्सॉर ठेवा, ब होतो ५. पुन्हा अ मध्ये ठेवा, अ होतो ९. झाली अदलाबदल! (बायनरीत मांडून बघाच.)

सिलेक्शन सॉर्टमध्ये हे फंक्शन घातलं, तर दोन-तीन बिलं चक्क शून्य! रूममेट म्हणाला, "माझं शून्य आलंय, प्रोग्रॅम बरोबर आहे. राहू दे."

रात्री दोनला कारण सापडलं. सर्वांत लहान आकडा आधीच आपल्या जागी असला, की फंक्शन त्याची त्याच्याशीच अदलाबदल करतं. दोन्ही पॉइंटर एकाच पत्त्यावर! स्वतःशी एक्सॉर म्हणजे शून्य, आणि आकडा पहिल्याच पायरीला पुसला जातो. दोन वेगळ्या जागी सारखेच आकडे असले तर मात्र काही बिघडत नाही. 'पॉइंटर म्हणजे पत्ता' हे पाठ होतंच, कळलं ते तेव्हा.

मेमरी वाचवायला ही युक्ती वापरू नका. आजचा कंपायलर तो तिसरा व्हेरिएबल बहुधा रजिस्टरमध्येच ठेवतो. मी एक 'इफ' टाकून पत्ते तपासले आणि झोपलो. रूममेटचं बिल परत आलं, तो दोन दिवस बोलला नाही.

पुढची अट : तीच यादी, पण 'फॉर' आणि 'व्हाइल' बंद.