आधी तारा, मग फळ्या

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांत पोटमाळा बहुधा अर्धाच पाटलेला असतो. स्वयंपाकघराच्या वर फळ्या, कारण तिथे नारळ, भात, जळण ठेवायचं. बाकीच्या खोल्यांवर नुसत्या तुळया. घरात वीज आली तेव्हा वायरमनने याच उघड्या तुळयांवरून जवळची वाट काढली. पंखा, दिवा, पुढची पडवी, सगळ्यांच्या तारा तुळयांच्या माथ्यावरून आडव्या गेल्या. तिथे कोणी पाय ठेवणार नव्हतं, त्यामुळे त्यात काही वावगं नव्हतं. धोका सुरू होतो तो नंतर, घरातलं सामान वाढतं आणि उरलेला माळाही पाटून घ्यावा असं वाटू लागतं तेव्हा.

आमच्या घरी हे काम उन्हाळ्यात झालं. सुतार कसबी होता, सांध्यात नखही शिरणार नाही अशा फळ्या त्याने बसवल्या. जिथे वायरची पट्टी आडवी आली तिथे फळीला खालून खाच मारली, फळी सपाट बसवली आणि तुळईच्या रेषेत स्क्रू पिळले. वरून पाहणाऱ्याला खाली तारा आहेत याचा मागमूस नव्हता. गाद्या, पेट्या, गणपतीचं मखर वर गेलं.

मृग लागला आणि रात्री-अपरात्री घरातली वीज जाऊ लागली. ईएलसीबी पडायचा, उचलला की थोडा वेळ टिकायचा, पुन्हा पडायचा. उघडीप मिळाली की सगळं सुरळीत. शेजारी म्हणाले, ईएलसीबीच बिघडलाय, काढून टाका. असा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो जिवावर बेतणारा आहे. नेहमीचा एमसीबी पडतो तो भार फार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. मिलिअँपिअरमध्ये मोजावी लागणारी गळती त्याला कळतच नाही. माणसाचा जीव जायला मात्र तेवढीही पुरू शकते. घरगुती ईएलसीबी 30 मिलिअँपिअरच्या आतच पडतो. तो सारखा पडतो याचा अर्थ कुठेतरी वीज गळते आहे.

वायरमनने एकेक लाइन सोडवून मेगर, म्हणजे तारांच्या वेष्टणाचा रोध मोजणारं यंत्र, लावला आणि माळ्याची लाइन पकडली. सामान उतरवलं, फळ्या उचकटल्या. एका स्क्रूभोवतीचं लाकूड रुपयाएवढं काळवंडलं होतं. स्क्रू फेजच्या तारेत घुसलेला, शेजारच्या अर्थिंगच्या तारेचं वेष्टण खरवडलेलं, आणि त्या जागी तांबं हिरवट पडलेलं. कोरड्या हवेत दोन्ही तारांमध्ये अंतर होतं. कौलांतून येणाऱ्या पावसाळी ओलाव्याने ते सांधलं. आजही मला अस्वस्थ करतं ते वेगळंच: त्या स्क्रूचं डोकं वर, फळीच्या पृष्ठभागावर होतं, आणि सगळा उन्हाळा त्यात वीज होती. आई तिथे बसून गोधड्या निवडायची.

म्हणून ज्यांना माळा पाटायचा आहे त्यांना कळकळीने सांगतो, पहिला हात वायरमनला लावू द्या. तोही तारतंत्रीचा परवाना असलेला. आडव्या तारा तुळईच्या माथ्यावरून काढून बाजूने, वरच्या कडेपासून किमान दोन इंच खाली घ्यायच्या. हिशेब सोपा आहे: पाऊण इंचाच्या फळीला दीड इंची स्क्रू लावला तर तो तुळईत पाऊण इंचच उतरतो. जिथे तार आडवी नेण्याला पर्यायच नाही तिथे ती कंड्युटमध्ये घाला आणि तुळयांवर दोन इंच उंचीच्या रिपा ठोकून फळ्या त्यांवर बसवा. कंड्युट रिपांच्या मधल्या पोकळीतून जाईल आणि खाली हवाही खेळेल. जिथे कंड्युट रीप ओलांडतो तिथे रीप तोडून जागा सोडा. त्यासाठी तुळईला खाच मात्र कधीही मारू नका. मधोमध खाचलेली तुळई भार पेलायला कमजोर होते.

जुनी तार ओढून-ताणून नव्या वाटेवर पुरत नसेल तर टेप गुंडाळून तुकडा जोडणं टाळा. जोड द्यायचाच तर जंक्शन बॉक्समध्ये, आणि बॉक्स फळीखाली गाडायचा नाही. त्याच्यावरची फळी सुटी ठेवायची, खिळ्याने नव्हे, स्क्रूने बसवलेली. उंदीर तार कुरतडतात ते अंधाऱ्या, बंद जागेतच, तिथे वर्षातून एकदा बॅटरी मारून पाहता आलं पाहिजे. फळ्या बसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि तारा जिथून जातात तिथे फळ्यांवर रंगाने रेघ ओढा. उद्या कोणी कपाट ठोकायला वर चढेल, त्याच्याकडे तुमचे फोटो नसतील.

काम करताना मेन स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नका. हल्ली घरोघरी इन्व्हर्टर आहे, आणि मेन बंद होताच तो दिवे-पंख्यांच्या लाइनला वीज देऊ लागतो. माळ्यावरून जाते ती नेमकी हीच लाइन. इन्व्हर्टर बंद करा, त्याचं आउटपुट सोडवा, आणि मगच टेस्टर लावून खात्री करा.

वर काय ठेवता यालाही महत्त्व आहे. साध्या पीव्हीसी तारेचं वेष्टण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतं. कौलांखाली वैशाखात आधीच भट्टी. त्यात तारेवर गाद्यांची चळत पडली की तारेतली उष्णता कोंडते. पंखा-दिव्याच्या बारीक तारेवर पुढे कधी गिझर जोडला गेला असेल तर ती आणखीच तापते. आणि थर्माकोल तारेला अजिबात टेकू देऊ नका. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते थर्माकोल शोषून घेतो. थर्माकोल चिकट होऊन विरघळतो, तार कडक होते आणि वाकवली की तडकते. राज्यात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी जुनी मखरं कित्येक माळ्यांवर अजून तशीच पडून आहेत. आमचंही होतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही वायरमन आणि सुतार यांना एकत्रच बोलावलं. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर वायरमनने बल्ब, पंखे, इन्व्हर्टर सगळं सोडवून पुन्हा मेगर लावला. हा आग्रह तुम्हीही धरा: फळ्या टाकण्याआधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही वाचनं त्याच्याकडून लिहून घ्या. एक मेगोहमच्या खाली आकडा चालत नाहीच. पण त्याच्या वर असूनही आधीपेक्षा बराच घसरला असेल, तर सामान चढवण्याआधीच फळ्या उघडा.